विश्लेषण : पैसे मोजूनही गेम आपला का होत नाही?

जालना एमआयडीसीतून सळईचा ट्रक बाहेर पडतो, वजनकाट्याची पावती आणि बिल हाती येते आणि व्यवहार संपतो. सळई घेणाऱ्याची होते. ती स्लॅबमध्ये घालायची, गोदामात ठेवायची की दुसऱ्याला विकायची, हे कारखाना विचारत नाही. त्याच एमआयडीसीत काम करणाऱ्या तरुणाने पगारातून कन्सोलवर गेम ‘विकत’ घेतला किंवा मुलाने मोबाइलवर बंदुकीची रंगीत ‘स्किन’ घेतली, तर मात्र पैसे दिल्यानंतरही ती वस्तू कंपनीच्याच ताब्यात राहते. सर्व्हर बंद झाला, खाते गोठवले गेले किंवा सरकारने अ‍ॅपवर बंदी घातली, की पावती उरते आणि माल जातो. जगभरातले गेमर गेली दोन वर्षे याच मुद्द्यावर आवाज उठवत आहेत. युरोप-अमेरिकेत त्याची दखल घेतली गेली. भारतात ग्राहक म्हणून गेमरचे हक्क नेमके काय आहेत, याचा हा आढावा.

विकत घेतले म्हणजे नेमके काय घेतले?

गेमचे स्वामित्व हक्क पूर्वीही निर्मात्याकडेच असत. पुस्तक विकत घेतले म्हणून कोणी त्याचा लेखक होत नाही, तसेच हे. फरक हातात आलेल्या प्रतीत आहे. कार्ट्रिज किंवा डिस्क हातात असली, की ती मित्राला देता येते, वापरून झाल्यावर विकता येते, दहा वर्षांनी पुन्हा लावता येते. डाउनलोड केलेल्या गेममध्ये अशी प्रत नसते. ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना. तो एका खात्याला जोडलेला असतो, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि करारातील अटींनुसार रद्द होऊ शकतो. या अटी ‘सहमत आहे’ या बटणामागच्या लांबलचक मजकुरात असतात. दुकानाच्या पानावर मात्र मोठ्या अक्षरात ‘खरेदी करा’ असेच लिहिलेले असते.

या विसंगतीवर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने बोट ठेवले. तेथील कायद्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. डिजिटल वस्तू देताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द विक्रेत्याला वापरता येत नाही. कायमची डाउनलोड करून इंटरनेटशिवाय वापरता येणारी वस्तू यातून वगळली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून संगणकावरील गेमचे सर्वात मोठे दुकान असलेल्या ‘स्टीम’ने पैसे भरण्याच्या पानावर ‘हा परवाना आहे’ अशी सूचना देण्यास सुरुवात केली. कायद्याने ग्राहकाला मालकी दिली नाही. त्याने केवळ दुकानदाराला खरे बोलायला लावले.

‘द क्रू’ प्रकरण काय आहे?

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. त्यात एकट्याने खेळण्याची कथाही होती, पण ती खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहणे सक्तीचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. ज्यांनी पूर्ण किंमत देऊन डिस्क घेतली होती, त्यांच्याकडेही प्लास्टिकची चकतीच उरली. पुढे अनेकांच्या खात्यातून परवानाही काढून घेण्यात आला.

त्यातून एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. यूट्यूबवर गेमविषयक चित्रफिती करणारे रॉस स्कॉट हे तिचे प्रवर्तक. कंपनीने सर्व्हर कायम चालू ठेवावेत, अशी मोहिमेची मागणी नाही. सेवा बंद करताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडावा, एवढेच तिचे म्हणणे आहे. युरोपीय संघात दहा लाख स्वाक्षऱ्या मिळवणाऱ्या नागरिक-प्रस्तावाची दखल युरोपीय आयोगाला घ्यावी लागते. ३१ जुलै २०२५ रोजी मुदत संपली तेव्हा या प्रस्तावाने हा टप्पा बराच मागे टाकला होता.

मागणी अशक्य नाही, हे युबिसॉफ्टनेच दाखवून दिले. टीकेनंतर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने याच मालिकेतील पुढच्या दोन गेमना इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, पण कंपनीने ग्राहकांना पैसे परत दिले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा २०१९ मधील ‘अँथम’ मात्र १२ जानेवारी २०२६ रोजी बंद झाला तो सर्व्हरअभावी कायमचाच. तीन कंपन्यांनी तीन वेगळ्या तऱ्हा अवलंबल्या. ग्राहकाला काय मिळणार, हे कायद्याऐवजी कंपनीच्या मर्जीवर ठरले.

भारतात असे घडले आहे का?

घडले आहे आणि मोठ्या प्रमाणावर घडले आहे. कन्सोलपेक्षा मोबाइलवर खेळणारे कितीतरी जास्त असलेल्या आपल्या देशात ‘पब्जी मोबाइल’ हे त्याचे ठळक उदाहरण. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ नुसार केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात हा गेम होता. ३० ऑक्टोबर २०२० रोजी भारतातील खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हरही बंद झाले. खेळातील ‘यूसी’ हे चलन, पोशाख, स्किन यांवर खेळाडूंनी खरे रुपये खर्च केले होते. तेव्हाची चर्चा राष्ट्रीय सुरक्षा आणि विदासुरक्षेची होती. ती महत्त्वाची होतीच, पण खेळाडूंनी भरलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न त्यात मागे पडला.

जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे बीजीएमआय आणला. जुन्या खात्यातील माहिती आणि सामान नव्या गेममध्ये आणण्याची सोय त्यात होती. तीही ठरावीक मुदतीपुरती होती. ३१ डिसेंबर २०२१ नंतर ती बंद झाली. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही अ‍ॅप दुकानांतून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. दरम्यान फेब्रुवारी २०२२ मधील ५४ अ‍ॅपवरच्या बंदीत ‘फ्री फायर’ गेला.

या तिन्ही प्रसंगांत निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे. गेमरच्या दृष्टीने मुद्दा साधा आहे. घेतलेली वस्तू परत मिळेल का, दुसरीकडे नेता येईल का, याची कोणतीही कायदेशीर हमी त्याला नव्हती. जे मिळाले ते कंपनीच्या सोयीने मिळाले.

मायक्रोट्रान्झॅक्शनचे गणित कसे चालते?

खेळाच्या आत होणाऱ्या छोट्या खरेदीला मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणतात. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवले गेले, तेव्हा गेमरनी त्याची खिल्ली उडवली होती. पुढच्या काही वर्षांत अख्खा उद्योग त्याच वाटेने गेला. गेम फुकट द्यायचा आणि खेळणाऱ्यांपैकी थोड्यांकडून वारंवार पैसे घ्यायचे, हे त्याचे सूत्र.

याचा फायदा नाकारता येत नाही. दहा-बारा हजारांच्या फोनवर एक रुपयाही न देता तासन्तास खेळता येते. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर गावागावांत गेमिंग पोहोचले ते याच सूत्रामुळे. महाराष्ट्रातील दोन गेम शेजारी ठेवले तर दोन्ही वाटा दिसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ २०२० मध्ये आला. एकदाच किंमत मोजायची आणि कथा संपेपर्यंत खेळायची, असा त्याचा बाज. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील गेमच्या गटात त्याला नामांकन मिळाले. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवर आला. तो फुकट आहे आणि उत्पन्न खेळातील खरेदीतून येते. भारतात पहिल्या वाटेने टिकणे कठीण आहे, कारण दोन हजारांचा गेम घेणारा ग्राहक इथे थोडा आहे. त्यामुळे गेमच्या आत विक्री करणाऱ्या प्रत्येक कंपनीला लुटारू ठरवणे योग्य नाही.

आक्षेप आहे तो विक्रीच्या पद्धतीवर. पहिली युक्ती मधल्या चलनाची. रुपयांत किंमत न लिहिता नाणी, रत्ने किंवा यूसी विकले जातात. समजा, एक पोशाख ६०० नाण्यांचा आहे आणि नाणी ५०० किंवा १,००० च्याच गठ्ठ्यात मिळतात. मग हजारांचा गठ्ठा घ्यावा लागतो आणि ४०० नाणी पडून राहतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून पुढची खरेदी होते. किराणा दुकानात सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवण्याचाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे गोळ्या त्याच दुकानात चालतात. दुसरी युक्ती घाईची : ‘ही स्किन फक्त ४८ तास’. तिसरी ‘बॅटल पास’ची, ज्यात आधी पैसे भरायचे आणि भरलेले वसूल करण्यासाठी रोज खेळत राहायचे. चौथी आणि सर्वात वादग्रस्त युक्ती म्हणजे ‘लूट बॉक्स’.

लूट बॉक्स म्हणजे जुगार का?

लूट बॉक्समध्ये पैसे आधी जातात आणि आत काय आहे ते नंतर कळते. हवी ती वस्तू मिळण्याची शक्यता अनेकदा फार कमी असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’वरून यावर मोठा भडका उडाला, कारण तिथे जिंकण्यास मदत करणारी शक्तीच अशा खोक्यांतून मिळत होती. ‘दिसण्यासाठी पैसे घ्या, जिंकण्यासाठी नको’ ही गेमरची लक्ष्मणरेषा तेव्हा स्पष्ट झाली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकाने काही गेममधील लूट बॉक्स बेकायदा ठरवले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या कंपनीशी दोन कोटी डॉलरच्या दंडावर तडजोड केली. १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकण्यावर त्यात बंदी आहे. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले होते. त्यातील साडेचोवीस कोटी डॉलर फसव्या बटणांमुळे झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी होते.

भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचे संवर्धन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे किंवा अन्य लाभ मिळवण्याच्या अपेक्षेने खेळले जाणारे खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्यात प्रतिबंधित आहेत. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्स आणि ऑनलाइन सोशल गेम मात्र वेगळे ठेवले आहेत. वर्गणी किंवा एकदाच भरायचे प्रवेशशुल्क घेणारा सोशल गेम चालतो, पण ते शुल्क पैज म्हणून असता कामा नये.

लूट बॉक्स हा शब्द या कायद्यात नाही. तरीही पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी, टोकन यांनाही कायदा ‘पैज’ मानू शकतो. मिळालेली स्किन बाहेर पैशांना विकता येत असेल, तर तो ‘लाभ’ ठरतो का? फक्त अंगावर मिरवण्यापुरती असेल तर? याचे उत्तर नियमांतून किंवा न्यायालयांतून यायचे आहे. रमी आणि फँटसी क्रिकेटवर कायद्याने थेट बोट ठेवले. मुलांच्या फोनमधला लूट बॉक्स मात्र संदिग्ध जागेत राहिला.

मुलांनी केलेल्या खर्चाची जबाबदारी कोणाची?

भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ११ सांगते, की अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. १९०३ मधील मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच निरर्थक ठरवला आणि तेच तत्त्व आजही चालते. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाने दाबलेल्या ‘सहमत आहे’ला करार म्हणून किंमत नाही. व्यवहारात मात्र फोन वडिलांचा, खाते आईचे आणि यूपीआय पिन घरात सगळ्यांना पाठ. मग खरेदी मुलाने केली हे सिद्ध करण्याचा भार पालकांवर येतो.

बीजीएमआयने सुरुवातीलाच १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादा जाहीर केली होती. तीन तासांचे कौतुक झाले. सात हजारांकडे फारसे कोणी पाहिले नाही. रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ पाळी करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या महिन्याच्या कमाईशेजारी हा एका दिवसाचा आकडा ठेवला, की ही मर्यादा संरक्षणाची आहे का, हा प्रश्न पडतो. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागणार आहे. त्यामुळे वय विचारणारे दार उभे राहील. खर्चाच्या मर्यादेबाबत मात्र हा कायदा काही सांगत नाही.

कन्सोल तरी आपला असतो का?

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्क लावता येणाऱ्या कन्सोलची किंमत ४९,९९० आणि डिस्कविरहित डिजिटल आवृत्तीची ३९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्हींच्या किमती पाच हजारांनी वाढल्या. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त होई. या पिढीत उलटे घडले.

दोन आवृत्त्यांतील दहा हजारांचा फरक पाहून डिजिटल आवृत्ती फायद्याची वाटते. पण सोनीचे मोठे गेम भारतात ४,९९९ रुपयांपर्यंत गेले. डिस्क असेल तर गेम संपवून ती जुन्या बाजारात विकता येते आणि पैशांचा बराच भाग सुटतो. एका डिस्कमागे दोन हजार सुटले, तरी पाच गेममध्ये दहा हजार भरून निघतात. डिजिटल आवृत्तीत ही वाटच बंद आहे. दुकान एकच, भाव त्याचाच आणि परत विकणे नाही. जिथे कन्सोल हप्त्यांवर घेतला जातो, तिथे जुन्या डिस्कचा बाजार हाच गेमिंग परवडण्याचा मार्ग असतो.

हार्डवेअरवरील कंपनीचा ताबाही वाढतो आहे. प्लेस्टेशन ५च्या नव्या रचनेत डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, पण पहिल्या जोडणीसाठी इंटरनेट लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ७०० डॉलरला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्हच नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. हा कन्सोल तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्यातील वाय-फायला लागणाऱ्या सहा गिगाहर्ट्झ लहरींना इथे परवानगी नव्हती. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ साठी काही गेम ‘की कार्ड’वर मिळतात. कार्डात गेम नसतो, तो उतरवून घेण्याची किल्ली असते. कार्ड विकता येते, पण सर्व्हर बंद झाल्यावर नव्या मालकाला ते निरुपयोगी. अमेरिकेतील वापरकरारात निन्टेन्डोने मे २०२५ मध्ये, अटी मोडल्यास यंत्र कायमचे निकामी करण्याचा अधिकारही लिहून घेतला.

सर्व्हरच्या दुकानांनाही आयुष्य असते. निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू यंत्रांचे डिजिटल दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले. अमेरिकेतील व्हिडीओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या जुलै २०२३ मधील अभ्यासानुसार तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत.

कंपन्यांचे म्हणणे काय आहे?

सर्व्हर चालवायला वीज, माणसे आणि पैसे लागतात. खेळणारे शंभर उरले तरी खर्च थांबत नाही. गेममधील गाणी, मोटारींचे ब्रँड, खेळाडूंची नावे भाड्याच्या हक्कांवर घेतलेली असतात आणि मुदत संपल्यावर विक्री थांबवावीच लागते. सर्व्हरचे तंत्र खेळाडूंच्या हाती दिले तर बेकायदा मजकूर आणि सुरक्षेची जबाबदारी कोणाची, असाही प्रश्न आहे. युरोपातील कंपन्यांच्या संघटनेने हेच मुद्दे मांडत, अशा सक्तीने गेम महाग होतील, असे म्हटले आहे.

यात तथ्य आहे. फक्त ऑनलाइन, शंभर जणांनी मिळून खेळायचा गेम कायम जिवंत ठेवा, असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु एकट्याने खेळायच्या कथेला सर्व्हरची सक्ती का, आणि बंद होण्याची शक्यता विकतानाच का सांगितली जात नाही, या दोन प्रश्नांना खर्चाचे उत्तर लागू पडत नाही.

भारतीय कायदा ग्राहकाला काय देतो?

सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस प्रकरणात २००४ मध्ये माध्यमावरील तयार सॉफ्टवेअरला ‘वस्तू’ मानले. मार्च २०२१ मध्ये इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिस प्रकरणात, करारावर परवाना लिहिलेला असला तरी असा व्यवहार वस्तूची विक्री ठरू शकतो, असे म्हटले. दोन्ही खटले कराचे होते, ग्राहकाचे नव्हते. तरीही करारातील शब्दापेक्षा व्यवहाराचे खरे रूप पाहावे, ही दिशा त्यातून मिळते. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये संगणक प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावापुरती राखीव प्रत करण्याची मुभा आहे. पण प्रतच हाती नसेल, तर ही मुभा वापरायची कशी?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारी अट ‘अनुचित करार’ ठरू शकते आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांनी खोटी घाई, नकळत वर्गणीत अडकवणे अशा १३ क्लृप्त्यांना मनाई केली. गेममधील ‘फक्त ४८ तास’ला हा मापदंड लावता येईल, जर ती मुदत खोटी असेल तर. आयुधे आहेत, पण ती गेमसाठी घडवलेली नाहीत.

बियाण्यांचा धडा कोणता?

सळईइतकीच जालन्याची दुसरी ओळख बियाण्यांची. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिकोची स्थापना केली आणि जालना बियाणे उद्योगाचे केंद्र झाले. बियाणे हीसुद्धा अशी वस्तू, जी विकत घेतली तरी आतले ज्ञान कंपनीचे असते. पिशवी शेतकऱ्याची, वाण पैदासकाराचा. शेतकऱ्याने दाणे राखून पुढच्या वर्षी पेरावेत का, शेजाऱ्याला द्यावेत का, हा वाद जगभर झाला.

भारताने त्यावर २००१ मध्ये पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. पैदासकाराला हक्क दिले आणि त्याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये शेतकऱ्याचेही लिहून ठेवले. त्याला आपले बियाणे राखता, पेरता, वाटता आणि विकता येते, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. नोंदणीकृत वाण विकताना त्याच्याकडून कोणत्या परिस्थितीत काय अपेक्षित आहे हे पैदासकाराने सांगायचे आणि ते न मिळाल्यास शेतकऱ्याने भरपाई मागायची, अशीही तरतूद आहे. अंमलबजावणी किती झाली हा प्रश्न जालन्यातला शेतकरी विचारेल आणि त्याने विचारावाच. पण तत्त्व ठरले : ज्ञान निर्मात्याचे असले, तरी पैसे देणाऱ्याचे हक्क कंपनीच्या करारावर सोडायचे नाहीत.

गेमला हेच तत्त्व लावले, तर तीन गोष्टी मागता येतात. विक्रीच्या पानावर ‘खरेदी’ की ‘परवाना’ हे मराठी-हिंदीसह समजेल अशा भाषेत लिहावे. सर्व्हर किमान किती काळ चालेल, ते विकतानाच सांगावे आणि त्याआधी बंद केल्यास परतावा द्यावा. एकट्याने खेळायचा भाग सेवा संपल्यावरही चालेल असा सोडावा. खेळातील वस्तूंची किंमत नाण्यांसोबत रुपयांतही दाखवावी, ही चौथी मागणी. २१ मार्च २०२५ रोजी युरोपीय ग्राहक यंत्रणांनी आभासी चलनाबाबत जी तत्त्वे मांडली, त्यात खऱ्या चलनातील किंमत दाखवण्याचा समावेश आहे.

तोवर ग्राहकाने काय करावे?

गेम घेण्यापूर्वी तो इंटरनेटशिवाय चालतो का, हे पाहावे. एकट्याने खेळायचा असेल आणि पर्याय असेल तर डिस्क घ्यावी, किंवा ‘जीओजी’सारख्या, कुलूप न लावता गेमची फाइल देणाऱ्या दुकानातून घ्यावा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास परतावा मागता येतो. मोबाइलवर मुलासाठी वेगळे खाते करावे, प्रत्येक खरेदीला पासवर्ड सक्तीचा करावा आणि यूपीआय पिन घरातही सांगू नये. चुकून खरेदी झाली तर पहिल्या ४८ तासांत प्ले स्टोअरकडे परताव्याची विनंती करावी.

पावती, तारखेसह स्क्रीनचे छायाचित्र आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपावा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण देणे अपेक्षित आहे. ते न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. कंपनी बेंगळूरुची असो की परदेशी, तक्रार जालन्यात दाखल होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ‘ई-जागृती’वरून ती ऑनलाइनही करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

तीनशे रुपयांच्या स्किनसाठी आयोगाची पायरी कोण चढणार, हा व्यवहारी प्रश्न आहे. कंपन्यांचे गणितही त्यावरच उभे आहे : प्रत्येकाचे नुकसान इतके छोटे ठेवायचे, की भांडणे परवडू नये. म्हणूनच इथे एकेकट्याच्या तक्रारीपेक्षा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्वतःहून लक्ष घालणे महत्त्वाचे ठरते. अनेक ग्राहकांच्या हिताला बाधा येत असेल तर चौकशी करण्याचा अधिकार त्याला कायद्यानेच दिला आहे. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याने पैजेच्या खेळांचा निकाल लावला. पैज न लावता, रोख पैसे देऊन वस्तू घेणाऱ्या गेमरचा हिशेब अजून मांडला गेलेला नाही.